पत्र कोठे अडले?

पिरियापट्टण हे मैसूरच्या पश्चिमेस, मडिकेरीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील तालुक्याचे गाव. भोवतालच्या शिवारात व्हर्जिनिया तंबाखूचे पीक मोठे. पाने सुकविण्याची उंच कोठारे जागोजागी दृष्टीस पडतात. तालुक्यातच बैलकुप्पे येथे १९६१ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तंबाखू मंडळाच्या लिलावकेंद्रावर माल विकला गेला की शेतकऱ्याचे पैसे बँकखात्यात जमा होतात. बैलकुप्प्यातील कित्येक घरांचे आप्त परदेशी असतात, तर गावातल्या निवृत्त मंडळींची मुले बंगळूरला किंवा त्याही पलीकडे. त्यामुळे घरातील संगणक आणि त्यावरील ई-मेल यांस येथे कोणी चैन समजत नाही. बदलीवर आलेल्या मराठी अधिकाऱ्यास कन्नडमधील जी पहिली चार वाक्ये पाठ होतात, त्यांत 'नेट बर्तिल्ला, सार' हे एक असते. 'नेट येत नाही, साहेब' एवढाच त्याचा अर्थ. परंतु त्यामागे निदान सात-आठ निरनिराळी दुखणी दडलेली असू शकतात, आणि प्रत्येकाचे औषध वेगळे असते.

ग्राहकाच्या घरच्या ई-मेलशी बँकेचा काय संबंध, असे काही वाचकांस वाटेल. संबंध आहे, आणि तो थेट पैशाशी आहे. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाच्या जबाबदारीविषयी परिपत्रक काढले. चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही, त्रयस्थाने कोठेतरी लबाडी केली आहे, अशा प्रसंगी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांच्या आत ग्राहकाने कळविल्यास त्याच्यावर काहीही बोजा पडू नये, असे त्यात ठरविण्यात आले. चार ते सात दिवस लागल्यास काही मर्यादेपर्यंतची झळ ग्राहकास सोसावी लागेल, आणि सात दिवस उलटल्यास त्या त्या बँकेचे धोरण लागू होईल, अशी पुढील तरतूद होती. असे नियम वेळोवेळी सुधारले जातात; म्हणून प्रचलित मुदती आपल्या शाखेत विचारून घ्याव्यात. मुद्दा असा की, दिवस मोजावयास आरंभ होतो तो सूचनेपासून. ती सूचना एसएमएसने येते तशी ई-मेलनेही येते, आणि ई-मेलची पेटी महिनाभर बंद पडलेली असेल तर संरक्षणाचे एक दार आपण आपल्याच हाताने लावून घेतलेले असते.

आता दुरुस्तीकडे वळू. ज्यांनी कधी हिशेब लिहिले आहेत त्यांना तेरीज न जुळण्याचा ताप ठाऊक असेल. जमा आणि नावे यांच्या बेरजांत फरक पडला म्हणजे नवखा कारकून सारी खातेवही पहिल्या पानापासून पुन्हा तपासू लागतो. मुरलेला कारकून आधी फरकाचा आकडा पाहतो. त्यास नऊने भाग जात असेल तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, ५४ चे ४५ लिहिले गेले असावे. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद वहीत सापडली तर ती बहुधा चुकीच्या बाजूस पडलेली असते. लक्षणावरून जागा शोधावी आणि मग तेवढीच जागा उकरावी, ही ती रीत. संगणकाच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसेही ही रीत विसरतात. ई-मेल आला नाही की पासवर्ड बदलतात, मोडेमची मागची बारीक कळ दाबून त्याच्या सर्व मांडण्या पुसून टाकतात, प्रोग्राम काढून पुन्हा बसवितात, आणि हे सारे एकाच दुपारी. मूळ दोष एक होता. आता चार झाले.

म्हणून पहिला प्रश्न एवढाच विचारावा : पत्र कोठे अडले? घरचा संगणक, मोडेम, सेवापुरवठादाराची तार, मेल-सेवेचा सर्व्हर आणि शेवटी समोरच्याची पेटी, असा पत्राचा मार्ग आहे. या मार्गाचे मधोमध दोन तुकडे करण्याची एक सोपी युक्ती आज जवळजवळ प्रत्येक घरात उपलब्ध आहे, ती म्हणजे मोबाइल. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडावा. मेल सुरळीत चालू झाला तर संगणक निर्दोष आहे, दोष मोडेममध्ये किंवा तारेत आहे. तरीही चालला नाही तर मोडेमला हात लावण्याचे कारणच उरत नाही. दोन मिनिटांच्या या एका चाचणीने निम्मी खातेवही तपासून होते.

दोष घरच्या जोडणीत आहे असे ठरले तर मोडेमवरील दिवे वाचावेत. आता बहुतेक ठिकाणी ऑप्टिकल फायबर आलेली आहे. तिच्या उपकरणावर 'पॉन' या अक्षरांचा हिरवा दिवा स्थिर असावा. 'लॉस' या अक्षरांचा तांबडा दिवा लागला किंवा लुकलुकू लागला तर बाहेरून येणारा प्रकाशसंकेतच तुटला आहे. रस्त्याच्या खोदकामात तार तुटली असेल, वाकली असेल किंवा जोडातून निसटली असेल. तेथे घरी करण्यासारखे फारसे काही नाही. सेवापुरवठादारास कळवावे, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि ती बारीक पिवळी तार स्वतः ओढून पाहण्याचा मोह टाळावा. दिवे ठीक असतील तर मोडेम बंद करून अर्धा-एक मिनिट थांबावे, पुन्हा सुरू करावा, दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत, आणि मगच संगणक सुरू करावा. हा क्रम उलटा केला की संगणक पत्ता मागतो तेव्हा तो देणारे उपकरण जागेच झालेले नसते.

पत्ता हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. प्रत्येक संगणकास जोडणीच्या वेळी मोडेमकडून एक क्रमांक मिळतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजी अक्षरांत टंकला की तो दिसतो. घरगुती जोडणीत तो बहुधा १९२.१६८ असा सुरू होतो. त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर मोडेमने पत्ता दिलेलाच नाही, आणि संगणकाने आपल्या मनानेच एक धारण केला आहे, असे समजावे. दोष संगणक आणि मोडेम यांच्या मधल्या तारेत किंवा वाय-फायमध्ये आहे. जाड मातीच्या भिंतींची जुनी घरे येथे अजून पुष्कळ आहेत. अशा घरात वाय-फायची ५ गिगाहर्ट्झची लहर एका खोलीपलीकडे मंदावते, २.४ ची तग धरते. शंका असेल तेव्हा साधी तार लावून पाहावी.

कधी असेही होते की पत्ता ठीक आहे, दिवे ठीक आहेत, तरी संकेतस्थळ उघडत नाही. पिरियापट्टणचे नाव इंग्रजीत निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलेले आढळते; तरीही टपाल येते, कारण १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या देशात पिनकोड आहे आणि टपालाची विभागणी त्या अंकांवर होते. महाजालाचेही तसेच आहे. आपण नावे टंकतो, परंतु यंत्रे क्रमांकांवर चालतात, आणि नावावरून क्रमांक काढून देणारी एक सूची मध्ये असते. तिला डीएनएस म्हणतात. ती सूची रुसली की रस्ता उघडा असूनही घर सापडत नाही. ओळखण्याची खूण अशी : पिंग या आज्ञेने ८.८.८.८ या क्रमांकास हाक मारावी. क्रमांक उत्तर देतो, पण नावाने हाक मारल्यास उत्तर येत नाही, तर दोष सूचीचा. जोडणीच्या मांडणीत डीएनएसच्या रकान्यात हाच क्रमांक भरला की काम भागते.

येथवरचा भाग तारांचा व पत्त्यांचा. यापुढचा दोष मात्र इतका अनपेक्षित आहे की त्याकडे भल्याभल्यांचे लक्ष जात नाही. तो म्हणजे संगणकाचे घड्याळ. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते, बाजारात ती सीआर २०३२ या नावाने मिळते. वीज नसतानाही तारीख-वेळ सांभाळणे हे तिचे काम. ती संपली की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि पुन्हा सुरू होताना भलतेच साल दाखवितो. मेल-सेवा व बँकेची संकेतस्थळे यांच्याशी होणारी जोडणी सुरक्षा-प्रमाणपत्रावर अवलंबून असते, आणि त्या प्रमाणपत्रास आरंभाची व समाप्तीची तारीख असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पुढील तारखेचा धनादेश आज वटत नाही, आणि १ एप्रिल २०१२ पासूनच्या नियमाप्रमाणे तीन महिने उलटून गेलेलाही वटत नाही. ज्या संगणकाच्या मते आज २००९ साल आहे, त्याच्या दृष्टीने जगातील सर्व प्रमाणपत्रे पुढील तारखेची ठरतात! तो निमूटपणे सर्व दारे नाकारतो आणि पडद्यावर 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा झळकवितो. तो इशारा डावलून पुढे जाऊ नये. पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी, ती दुरुस्त करावी आणि पहिल्या संधीस बॅटरी बदलावी.

वीज आणि वळीव यांविषयी एक गोष्ट सांगून ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांत इकडे विजांसह पाऊस येतो; कोडगूचे कॉफीवाले त्याची चातकासारखी वाट पाहतात, परंतु संगणकवाल्यांनी त्यास भ्यावे. फायबरमधून वीज वाहत नाही हे खरे, पण मोडेमचा अडॅप्टर भिंतीतल्या वीजजोडणीवरच असतो. गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवावा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही मेल चालत नाही, इतर संकेतस्थळे मात्र उघडतात, असे आढळले तर दोष मेलच्या मांडणीत आहे. प्रत्येक कार्यालयात आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात, आणि त्या सहसा दोन मेजांवर असतात. ई-मेलचेही तसेच. जावकाचे काम एसएमटीपी नावाची पद्धत करते. आवकाचे काम पॉप किंवा आयमॅप यांपैकी एक. दोघांचे सर्व्हर वेगळे, दरवाजांचे क्रमांक वेगळे. म्हणून 'मेल बंद आहे' असे न म्हणता येत नाही की जात नाही, हे आधी पाहावे. येत असूनही जात नसेल तर जावकाच्या दरवाजाचा क्रमांक तपासावा. जुन्या मांडणीत तो २५ असतो. अनावश्यक मेलच्या सुळसुळाटामुळे पुष्कळ सेवापुरवठादारांनी घरगुती जोडणीवर तो बंद केला आहे. तेथे ५८७ किंवा ४६५ हवा, आणि जावकासही नाव व पासवर्ड लागतो, ही खूण केलेली असावी. आवकासाठी आयमॅपचा सुरक्षित दरवाजा ९९३, पॉपचा ९९५.

या दोहोंतून निवड करावयाची तर आयमॅपच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पॉप ही पद्धत पत्रे सर्व्हरवरून उचलून संगणकात आणते आणि कित्येकदा मूळ प्रत पुसून टाकते. घरात एकच संगणक होता तेव्हा ते ठीक होते. आता तीच पेटी मोबाइलवरही असते. मग सकाळी मोबाइलवर पाहिलेले विवरणपत्र संध्याकाळी नाहीसे झाले, अशी तक्रार येते. ते नाहीसे झालेले नसते, घरच्या संगणकात जाऊन बसलेले असते. यातच एक धोका आहे. पॉपने आणलेली पत्रे केवळ त्या संगणकातच उरलेली असू शकतात; म्हणून प्रोग्राममधील खाते काढून पुन्हा बसविण्याचा सल्ला कोणी दिला तर आधी त्यांची वेगळी प्रत करून घ्यावी.

पासवर्डची गोष्ट थोडी निराळी. पासवर्ड अचूक आहे, तरी प्रोग्राम तो पुन्हापुन्हा मागतो, अशी परिस्थिती जुन्या संगणकांवर फार दिसते. येथे ग्राहकाची किंवा पासवर्डची चूक नसते. केवळ नाव व पासवर्ड देऊन आत येण्याची जुनी रीत गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून, तर मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून मोडीत काढली. जीमेलला आता दुहेरी पडताळणी सुरू करून त्या प्रोग्रामपुरता सोळा अक्षरांचा स्वतंत्र पासवर्ड घ्यावा लागतो, किंवा नव्या पद्धतीची ओळख चालणारा थंडरबर्डसारखा प्रोग्राम वापरावा लागतो. आउटलुक एक्स्प्रेसवर जीव असणारे ग्राहक मला भेटतात. त्यांच्या निष्ठेचे कौतुक आहे. परंतु विंडोज एक्स्पीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला आहे, आणि अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कुलूप नसलेल्या पेटीत दागिने ठेवणे होय.

काही वेळा घरातले सारे काही सुरळीत असते आणि तरीही पत्र पोचत नाही. येथील एका निवृत्त शिक्षकांचे, ज्यांना गावात सारे आदराने 'मेष्ट्रु' म्हणतात, खातेविवरण लागोपाठ येईनासे झाले. मोडेम दोनदा दुरुस्त झाला, तंत्रज्ञाला पैसेही देऊन झाले. इतर संकेतस्थळे उघडत होती, जुने मेलही दिसत होते. नवे तेवढे येत नव्हते. लक्षण स्पष्ट होते : पेटी भरली होती. गूगलची १५ गिगाबाइटची फुकट जागा जीमेल, ड्राइव्ह व छायाचित्रे यांत मिळून असते, आणि १ जून २०२१ पासून चढविलेली सर्व छायाचित्रे तीत मोजली जातात. नातवंडांच्या चित्रफितींनी ती व्यापली होती. जागा संपली की मेल येणेही थांबते व जाणेही. मोठ्या चित्रफिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून पेटीतून काढल्या, कचऱ्याची टोपली रिकामी केली, आणि जावई परदेशातून पाठवीत असलेली पत्रेही येऊ लागली. मधल्या काळातील विवरणपत्रे मात्र परत पाठविणाऱ्याकडे गेलेली होती. ती शाखेतून पुन्हा मागवावी लागली.

परत जाणाऱ्या मेलसोबत एक कारणपत्र येते. आपण पाठविलेले पत्र असे परतले तर ते इंग्रजी पाहून पुसून टाकू नये. न वटलेल्या धनादेशासोबत येणाऱ्या मेमोसारखेच ते असते. त्यातील तीन अंकी क्रमांक ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करील. ५ ने सुरू होत असेल तर नकार कायमचा. सोबत ५.१.१ असेल तर असा पत्ताच नाही, ५.२.२ असेल तर समोरची पेटी भरली आहे.

पेटी रिकामी असूनही बँकेचीच पत्रे दिसत नसतील तर प्रथम स्पॅमच्या कप्प्यात पाहावे. जीमेल तेथील पत्रे तीस दिवसांनी पुसते. त्यानंतर मेलच्या मांडणीत जाऊन 'फिल्टर' आणि 'फॉरवर्डिंग' ही दोन पाने अवश्य उघडावीत. चोराने पेटीत प्रवेश मिळविला असेल तर तो बँकेची सूचनापत्रे परस्पर पुसली जावीत किंवा दुसरीकडे वळावीत, असा नियम लिहून ठेवू शकतो. आपण न लिहिलेला नियम तेथे आढळला तर ती बिघाडाची नव्हे, घरफोडीची खूण आहे. दुसऱ्या, भरवशाच्या संगणकावरून पासवर्ड बदलावा, सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढावे आणि त्याच दिवशी शाखेस कळवावे.

मदतीचा शोध हाच कधीकधी सर्वांत मोठा धोका ठरतो. अडचण आली की लोक महाजालावर 'ई-मेल मदतकेंद्र' असे शोधतात आणि वर दिसेल तो दूरध्वनी क्रमांक फिरवितात. पलीकडचा गोड बोलणारा गृहस्थ दूरवरून संगणक हाताळण्याचे ॲप बसविण्यास सांगतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या ॲपच्या अशा गैरवापराविषयी बँकांना सावध केले होते. ॲप स्वतः वाईट नाही, कार्यालये ते रोज वापरतात. परंतु अनोळखी माणसास ते देणे म्हणजे तिजोरीसमोर आपली खुर्ची त्यास देणे. शिवाय ओटीपी किंवा पिन ग्राहकाने स्वतः दिलेला असेल तर २०१७ च्या परिपत्रकातील संरक्षणही आटते : बँकेस कळविण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे. फसवणूक झालीच तर १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लगेच फिरवावा आणि पाठोपाठ शाखेत कळवावे. बँकेच्या नावाने आलेल्या मेलमधील दुव्यावर टिचकी मारण्याऐवजी पत्ता स्वतः टंकावा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाखाली आणावयाची होती, त्यामुळे पत्त्याचे शेपूट पाहण्याची सवय उपयोगी पडते.

पुढील वेळी पासबुक भरून घेण्यास याल तेव्हा खिडकीवर आपला नोंदलेला ई-मेल पत्ता अक्षर अन् अक्षर वाचून दाखविण्यास सांगावे. एका टिंबाची किंवा अक्षराची चूक असेल तर विवरणपत्र परत येईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोणा परक्याच्या पेटीत पडेल. मुलाने काही वर्षांपूर्वी उघडून दिलेला आणि नंतर कोणी न उघडलेला पत्ता असेल तर तो आजही जिवंत आहे का ते पाहावे; सलग दोन वर्षे न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले आहे. पत्ता बदलण्याचा अर्ज एका पानाचा आहे. सोबत ओळखपत्र आणावे, आणि शक्य झाल्यास मोबाइलही, म्हणजे चाचणीचे पत्र तेथल्या तेथे पाठवून ते पोचले की नाही हे खिडकीवरच पाहता येईल.